थंडी गळ्याशी आली की

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की माझ्या दुकानातल्या मशिनींचं काम बदलतं. पावसाळ्यात सॅकची रेनकव्हरं, उन्हाळ्यात तंबूंच्या चेनी, आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत नुसतं फ्लीस, म्हणजे ते मऊ, लवदार गरम कापड. नाकातोंडात त्याचा भुगा, आणि घरी गेल्यावर साडीला चिकटलेले धागे. नाशिकला 28 वर्षं मी डोंगरात जाणाऱ्यांचे कपडे शिवते आहे. गेल्या अंकात या सदरात मी गळ्यात घालायच्या कापडी नळीबद्दल चार ओळी लिहिल्या, तर जॅकेट-स्वेटरबद्दल विचारणारे सगळे बाजूला राहिले आणि पत्रं आली ती नळीबद्दलच.

आधी नावाचं मिटवून टाकू. पोरं तिला ‘बफ’ म्हणतात. ते खरं एका स्पॅनिश कंपनीचं नाव. पण आपल्याकडे सगळं वनस्पती तूप जसं डालडा, तशा सगळ्या नळ्या बफ. दुकानदार नेक वॉर्मर म्हणतात, परदेशी मालाच्या खोक्यावर नेक गेटर लिहिलेलं असतं. माझे वडील असते तर ‘बिनटोकाचा मफलर’ म्हणाले असते. मी गळपट्टी म्हणते.

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. आमच्या पंपाची वीज सध्या रात्रीच्या पाळीत आहे. थंडी कडाडली की घडांना धक्का बसू नये म्हणून पहाटे ठिबक चालू करायला आणि बागेत शेकोट्या पेटवायला मोटारसायकलवर जातो. आजवर कानाला उपरणं गुंडाळत आलो. यंदा मुलीने काळी नळी आणून दिली. घालून निघालो तर गल्लीतली पोरं “दरोडेखोर आला” म्हणून ओरडली. हिचा उपरण्यापेक्षा खरंच काही जास्त उपयोग आहे, की ही नुसती फॅशन?

उत्तर : दादा, निफाडची थंडी मला सांगू नका, माझं माहेर तिथलंच. आमचे नाना पहाटे बागेतून आले की उपरण्यातून फक्त डोळे दिसायचे आणि मिशीवर दव असायचं. चुलीपुढे बसले तरी पहिली दहा मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत. जबडाच आखडलेला असायचा.

उपरणं कान झाकतं, पण तुमची थंडी नुसती कानातून शिरत नाही. आपल्या कातडीलगत अंगाच्या उबेने तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर पळवून नेतो. पारा 8 अंशांवर असताना तुम्ही ताशी 50 किलोमीटरने गाडी हाकली, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी साधारण 3 अंशांसारखी बोचते. म्हणजे घराच्या ओट्यावर तुम्ही एका थंडीत उभे असता आणि बांधापर्यंत दुसऱ्याच थंडीतून जाता.

दुसरी गोष्ट मला शिवणकामातून कळली. स्वेटरवर जॅकेट घातलं की आत हवा तापते. तापलेली हवा वर चढते. वर तिला वाट कुठे आहे? कॉलरला. गाडी खड्ड्यात आदळली, हात हलले की जॅकेटचा भाता होतो. गरम हवा गळ्यातून फुस्स करून बाहेर, आणि खालून, बाह्यांतून गार हवा आत. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, “जॅकेट जाड करा, गरम होत नाही.” मी त्यांना आधी गळपट्टी घालून आठवडाभर फिरायला सांगते. दहातले सात-आठ जण जॅकेटबद्दल परत बोलत नाहीत. माझा धंदा बुडतो, पण चालायचंच.

तेव्हा घालायची कशी ते नीट बघा. नळीची खालची कड जॅकेटच्या आत, छातीच्या हाडापर्यंत खाली गेली पाहिजे, आणि तिच्यावर चेन गळ्यापर्यंत ओढलेली पाहिजे. बहुतेक लोक ती जॅकेटच्या बाहेर माळेसारखी घालतात. मग धुराडं उघडं ते उघडंच. वरची कड नाकावर घ्या, नाहीतर निदान हनुवटीवर. हेल्मेटच्या आत जाड लोकरीचं काही घालू नका, हेल्मेट ढिलं बसतं. पातळ नळी चालते. हनुवटीखालचा पट्टा मात्र नळीवरून पुन्हा आवळून बघायचा.

आता टोकाचं सांगते. 2009च्या जानेवारीत मी स्कूटरवरून दुकानात येत होते. ओढणी गळ्याभोवती दोन वेढे देऊन मागे सोडलेली. सातपूरच्या चढावर एकदम कोणीतरी मागून मान पिळावी तसं झालं. ओढणी चाकात गेली होती. ती जुनी होती, दहा वेळा धुवून विरलेली होती, म्हणून फाटली आणि मी वाचले. नवी असती तर हे सदर दुसरं कोणीतरी लिहीत असतं. इझाडोरा डंकन नावाची मोठी अमेरिकन नर्तकी 14 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली, उघड्या मोटारीच्या मागच्या चाकात तिचा लांब रेशमी स्कार्फ अडकून. आपल्याकडे दुचाकीला साडीगार्ड लावायचा नियम आहे तो काही शोभेसाठी नाही. पण साडीगार्ड पदराची काळजी घेतो, गळ्यातल्या मफलरची घेत नाही. नळीला टोकच नाही. माझ्या लेखी तिचा सगळ्यात मोठा गुण हा, ऊब त्यानंतर. गाडीवरच काय, मळणी यंत्राजवळ, पंपाच्या पट्ट्याजवळही उपरणं लोंबतं ठेवू नका.

एके ठिकाणी मात्र तुमचं उपरणंच बरं. शेकोटी पेटवताना. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, म्हणजे प्लास्टिकच. ठिणगी पडली की वितळतं आणि कातडीला चिकटतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर रुपयाएवढा डाग आहे त्याचा. बागेत पोचलात की नळी काढून खिशात टाका, उपरणं बांधा, टोकं बंडीत खोचा, मग काडी ओढा. लोकरीची नळी मिळाली तर हा उपद्व्याप नको. लोकर सहज पेट घेत नाही आणि वितळून चिकटत नाही.

आणि पोरांना म्हणावं, दरोडेखोर असतो तर पहाटे तीनला दुसऱ्याची बाग गाठली असती, स्वतःची नव्हे.

प्रश्न : मावशी, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. डिसेंबरमध्ये मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखरावर ट्रेकला जाते आहे. यादीत ‘दोन बफ’ लिहिलंय. ऑनलाइन स्वस्तात पाचांचा सेट मिळतोय. आई म्हणते, आजीचा लोकरीचा मफलर ने, शिवाय एक सुती स्टोल ने. बफ दोन कशाला लागतात? आणि डोक्यातून निम्मी उष्णता जाते म्हणे, मग गळ्यापेक्षा टोपीवर पैसे घालवू का?

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो माझ्या दुकानात आठवड्यातून एकदा येतो. डोक्यातून चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णता जाते ही गोष्ट अमेरिकी सैन्याच्या 1970च्या एका पुस्तिकेतून जगभर पसरली. 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांनी अशा समजुतींचा समाचार घेतला, त्यात हीही होती. डोकं शरीराच्या क्षेत्रफळाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं, आणि उष्णता जाते तीही त्याच प्रमाणात. मग टोपी घातल्यावर एवढं बरं का वाटतं? तर चेहरा, कान, मान इथे गारठा फार जाणवतो, आणि बाकीचं अंग आधीच झाकलेलं असतं. उघडं राहतं ते एवढंच. म्हणून टोपीही हवी आणि गळपट्टीही, पण दोन्ही महाग असायची गरज नाही.

आता सुती स्टोल. आईला माझा नमस्कार सांग आणि स्टोल घरी ठेव. मी 44 वर्षांची असताना पहिल्यांदा हिमालयात गेले, उत्तराखंडातच. सह्याद्रीत आयुष्य गेलेलं, कळसूबाई तर रात्रीबेरात्री किती वेळा चढले असेन. थंडीचं मला काय सांगता, अशा तोऱ्यात होते. गळ्याला बंधेजचा मऊ सुती स्टोल, तोच नाकावर. चढावर घाम आला, त्यात श्वासाची वाफ. पहाटे थांबलो तेव्हा तो स्टोल ओला झालेला होता, आणि अर्ध्या तासात तो पोह्याच्या पापडासारखा कडक झाला. उलगडायला गेले तर कडकड वाजला. हनुवटी बधिर. बरोबरच्या एका पोराने त्याची जास्तीची नळी दिली, तिला बुटांचा वास येत होता, तरी मी ती देवाचा प्रसाद मिळाल्यासारखी घातली.

का झालं ते सांगते. कपडा आपल्याला गरम करत नाही, त्याच्या धाग्यांत अडकलेली स्थिर हवा ऊब धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की खेळ संपला, कारण पाणी स्थिर हवेच्या जवळजवळ पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. सुताला पाण्याचं प्रेम फार. ते पाणी पितं आणि सोडत नाही. पॉलिस्टर पाणी पितच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून झटकलं, पिळलं की लवकर वाळतं. लोकरीची तऱ्हा तिसरीच आहे. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ओली झाली तरी थोडी ऊब राखते. वासही कमी मारते, जे सहा दिवस एका तंबूत तिघी राहणार असाल तर लहान गोष्ट नाही.

आजीचा मफलर ने, पण तंबूत घालायला. चढताना नको. लांब टोकं दर पाच मिनिटांनी सुटतात, सॅकच्या पट्ट्याखाली अडकतात, आणि तो ओला झाला की तीन दिवस वाळत नाही.

तुमचं पायथ्याचं गाव सांक्री साधारण 1950 मीटरवर आहे आणि केदारकांठाचा माथा 3810 मीटरवर. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंश उतरतो हे धरलं तर नुसत्या उंचीनेच बारा अंशांचा फरक पडतो, वारा वेगळा. माथ्यासाठी पहाटे अडीच-तीनला निघावं लागतं. तेव्हा तू नळी नाकावर घेशील. श्वासातली वाफ तिच्यात साचेल, बाहेरच्या बाजूने बर्फ धरेल. तासाभराने नळी गोल फिरवून कोरडा भाग तोंडासमोर आण. तोही ओला झाला की दुसरी नळी. दोन लागतात त्या याचसाठी. दुसरी नळी सॅकच्या तळाशी नको, जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाला लागून हवी. ओली नळीही आत, पोटाशी ठेव, बाहेर सॅकला लटकवलीस तर ती गोठेल.

आणखी एक, जे यादीत लिहीत नाहीत. चढाला लागताना नळी गळ्याखाली ओढ, किंवा काढूनच टाक. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच गुंडाळून घेणारे पहिल्या अर्ध्या तासात घामाने भिजतात, आणि पुढची सगळी पहाट त्या घामाची किंमत मोजतात. गळा म्हणजे तुझ्या अंगाची खिडकी समज. तापलं की उघड, थांबलीस की लगेच लाव. जॅकेट काढण्या-घालण्यापेक्षा हे सोपं आहे, सॅक उतरवावी लागत नाही.

पाचांच्या सेटबद्दल. त्या नळ्या बहुधा पातळ पॉलिस्टरच्या, छापील असतात. उन्हाला, धुळीला उत्तम. एक ने आतून घालायला. तिच्यावर फ्लीसची किंवा मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची दुसरी. दुकानात घेताना दोन गोष्टी कर. नळी तोंडाला लावून फुंकर मार : आरपार मोकळी गेली तर वाराही तसाच आत येईल, अजिबात गेली नाही तर तुझा श्वासही कोंडेल. मधली घे. आणि शिवण बोटाने चाचप. जाड, टोचरी शिवण असेल तर सहा दिवसांत मानेवर वळ उठेल.

रात्री झोपताना कोरडी नळी गळ्यात असू दे, पण स्लीपिंग बॅगमध्ये तोंड खुपसून झोपू नकोस. श्वासाने बॅग आतून दमट होते. नाक बाहेर, नाकावर नळी. फोटो पाठव, पण कडकड वाजणाऱ्या स्टोलचा नको.

प्रश्न : ताई, वय 71, सातारा. दम्याचा जुना त्रास आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप घेतो. थंडीत सकाळी फिरायला निघालो की पहिल्या चौकातच खोकल्याची उबळ येते. सूनबाईंनी गळपट्टी दिली आहे. ती नाकावर घेतली तर दम कोंडणार तर नाही?

उत्तर : काका, गार आणि कोरडी हवा एकदम छातीत गेली की दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळतात. नाकावर एक सैलसर पडदा असला की बाहेर टाकलेल्या श्वासातली ऊब आणि ओल त्यात थोडी राहते, आणि पुढचा श्वास तीच बरोबर घेऊन आत जातो. एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या वाटेवर लोक दिवसभर नाकावर नळी घेऊन चालतात ते त्यासाठीच. तिथल्या कोरड्या हवेने होणाऱ्या खोकल्याला ‘खुंबू कफ’ असं नावच पडलं आहे. खुंबू हा तिथला भाग, आणि कफ म्हणजे इंग्रजीतला खोकला.

तुम्ही पातळ, एकेरी नळी घ्या. घरातच नाकावर घेऊन दहा मिनिटं बसा, मग अंगणात, मग रस्त्यावर. कोंडल्यासारखं झालं तर लगेच खाली ओढायची, त्यात हट्ट करायचा नाही. शक्यतो नाकानेच श्वास घ्या. गळ्याला मात्र आवळ नको. मानेच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते तिथे दाब पडला तर काही वयस्कर लोकांना भोवळ येते. दोन बोटं आरामात गेली पाहिजेत.

नळी हा पंपाला पर्याय नाही. फिरायला निघण्याआधी पंप घ्यायचा का, हे डॉक्टरांना विचारा. आणि सहा वाजता कशाला निघता? हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो. चौकात टायर-पालापाचोळा जाळून शेकत बसलेली मंडळी असतात ती वेगळीच. गळपट्टी धूर अडवत नाही, तिला मास्क समजू नका. करोनाच्या काळात, 2020च्या ऑगस्टमध्ये, ड्यूक विद्यापीठातल्या एका प्रयोगावरून ‘नळी घालण्यापेक्षा काहीच न घातलेलं बरं’ अशा बातम्या उठल्या होत्या. त्यांनी एकच नळी एकाच माणसावर तपासली होती, आणि एवढ्यावरून सगळ्या नळ्या वाईट ठरत नाहीत हे त्यांनीच नंतर सांगितलं. पण धूर आणि धुळीसाठी ती बनलेलीच नाही, हे खरंच. आठ वाजता निघा. ऊन अंगावर घेत फिरा.

प्रश्न : मी मिरजेची, निवृत्त शिक्षिका. मुलगा-सून कॅनडात कॅल्गरीला, नातू चार वर्षांचा. त्याच्यासाठी मफलर विणून पाठवला तर सुनेने कळवलं, “आई, इथे शाळेत मफलर चालत नाही, नळीसारखं विणा.” मला सुयांवर गोल विणता येत नाही. लोकर कोणती घेऊ? माझ्या माहेरी चांगली घोंगडी विणतात, त्या लोकरीचं सूत मिळेल. ते चालेल का?

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे, त्यात रुसण्यासारखं काही नाही. कॅनडात लहान मुलांना मफलरऐवजी नळीच घालायला सांगतात, कारण घसरगुंडीवर, झोक्यावर मफलरचं टोक अडकून गळ्याला फास बसू शकतो. थंडीही आपल्या कल्पनेतली नाही. वाऱ्यासकट हिशेब उणे 28च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. पोराचे गाल झाकले पाहिजेत आणि फासही नको, यावर नळीसारखा दुसरा उपाय नाही.

घोंगडीचं सूत नको. मला घोंगडीचा फार अभिमान आहे. नानांची घोंगडी अजून माझ्या दुकानात आहे, दुपारी मी तिच्यावरच पाठ टेकते. धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर पावसाला, वाऱ्याला, जमिनीच्या ओलीला तोंड द्यायला बनलेली आहे, नातवाच्या गालाला नव्हे. तिचा केस जाड. धागा साधारण 30 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीला टोचतं. मेरिनोचा बारीक धागा 17 ते 19 मायक्रॉनचा असतो, तो वाकतो, म्हणून मऊ लागतो. लडाखच्या पश्मिन्याचा याहूनही बारीक. चार वर्षांचं पोर एकदा टोचलेली नळी पुन्हा घालत नाही, मग ती आजीने विणलेली असो की पंतप्रधानांनी.

मेरिनो लोकर घ्या. महाग वाटली तर मऊ ॲक्रिलिक-लोकर मिश्र घ्या. लोकर स्वतःच्या गालाला नका लावू, आपल्या वयाला गाल निबर झालेले असतात. गळ्याच्या खळग्याला लावून पाच मिनिटं धरा.

गोल विणता येत नसेल तर सपाट विणून जोडा. मध्यम जाडीची लोकर, 8 नंबरच्या सुया. चार वर्षांच्या मुलाला 90 टाके पुरतात. दोन सुलट, दोन उलट असंच शेवटपर्यंत. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट आले की जोड दिसत नाही. ही वीण रबरासारखी ताणते आणि परत येते, त्यामुळे डोक्यातून जाते आणि गळ्याला बसते. 20 सेंटीमीटर उंची झाली की टाके बंद करा, पण सैल हाताने. इथेच सगळ्यांचं चुकतं. घट्ट बंद केले तर नळी डोक्यातून जात नाही आणि पोर रडतं. मोठ्यांसाठी 106 टाके आणि 25 सेंटीमीटर धरा, 100 ग्रॅम लोकर बहुतेक पुरते.

दोन विणा. श्वासाने आणि लाळेने एक ओली होते, शाळेतून येताना दुसरी लागते. आणि आतून फ्लीसचं अस्तर लावायचं असेल तर मला मापं पाठवा. दीड मीटर पन्ह्याच्या एक मीटर फ्लीसमध्ये मोठ्यांच्या सहा नळ्या बसतात, कापडाची ताण आडवी आली पाहिजे एवढंच बघायचं. लहान मुलाला तर मागच्या कपाटातला तुकडासुद्धा पुरेल.

प्रश्न : चष्मा आहे. नळी नाकावर घेतली की काचेवर वाफ धरते. उपाय?

उत्तर : श्वास वर जायला वाट मिळाली की वाफ धरणारच. नळीची वरची कड नाकाच्या हाडावर, चष्म्याच्या खाली दाबून बसवा, म्हणजे चष्म्याच्या वजनाने ती तिथे राहील. मी शिवताना वरच्या कडेत पाव फूट मऊ तार घालते, मास्कला असते तशी. ती नाकावर चिमटून बसते. गाडी चालवताना मात्र वाफ धरते आहे असं वाटलं तर नळी सरळ हनुवटीखाली. दिसणं आधी.

प्रश्न : दाढी ठेवतो. फ्लीसची नळी घातली की दाढीला करंट बसतो आणि गळ्यावर पुरळ येतं. फ्लीस सोसत नाही का?

उत्तर : करंट बसतो तो कोरड्या हवेतल्या घासण्याने, दाढीला थेंबभर खोबरेल लावा. पुरळ बहुधा फ्लीसने येत नाही, नळी धुतलेली नसते त्याने येतं. खरं सांगा, शेवटची कधी धुतली? लोक स्वेटर धुतात, मोजे धुतात, आणि ज्यात दिवसभर श्वास, लाळ, घाम आणि गाडीचा धूर जातो ती नळी खुंटीला फेब्रुवारीपर्यंत लोंबकळते. दोन-तीन दिवसांनी कोमट पाण्यात धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा, फॅब्रिक कंडिशनर घालू नका. लोकरीची असेल तर पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवी वाळवा. तरीही पुरळ राहिलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : चार वर्षं वापरलेली नळी सैल पडली. नाकावर राहत नाही. पुन्हा घट्ट करता येईल का?

उत्तर : शिवण उसवून दोन सेंटीमीटर आत घेतली तर एखादा हिवाळा निघेल, त्याचे मी पैसे घेत नाही. पण कापडातला लवचीकपणाच गेला असेल तर सोडून द्या. तिच्या आडव्या दोन-दोन बोटांच्या पट्ट्या कापा. टोमॅटोची झाडं काठीला बांधायला सुतळीपेक्षा त्या बऱ्या पडतात, खोड जाड झालं तरी काचत नाहीत. माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोंना सध्या 2016ची निळी नळी बांधलेली आहे.